थोड्याच वेळात येणारा कूलर

परभणी.
तारीख कॅलेंडर पाहून टाकणार होतो, पण कॅलेंडर पलीकडच्या खोलीत आहे आणि त्या खोलीत सध्या तुमची मेहुणी आहे.

आदरणीय साडूभाऊ सिद्धोधनराव यांस रंगनाथचा सप्रेम जय भीम.

वि. वि. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, असं पत्रात लिहावं लागतं म्हणून लिहिलं आहे. हातात टपालाचं पाकीट पडलेलं पाहून तुम्ही दचकला असाल, कारण हल्ली माणसाला पाकीट आलं की ते बँकेचं तरी असतं नाहीतर कोर्टाचं. तसं काही नाही. तुम्हाला फोन लावला तर तो एकदा वाजून गप्प होतो. व्हॉट्सॲपवर धरणाच्या भिंतीपाशी गॉगल लावून उभे असलेले तुम्ही दिसायचात, तिथं आता राखाडी रंगाचं नुसतं मुंडकं दिसतं. (ह्याला ब्लॉक करणं म्हणतात, असं मला महारुद्ररावांनी सांगितलं. महारुद्रराव कोण, ते पुढं येईल.) टपालाला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हा मार्ग धरला.

आपली प्रकृती कशी आहे? सुकेशनी आक्कांची पाठ काय म्हणते? निकिताचं इंजिनिअरिंग नीट चाललंय ना? गाय व्याली का? कूलर बरा आहे ना? मोटर घरघर करत असेल तर घाबरू नका, तो त्याचा जन्माचा स्वभाव आहे, चापट मारली की गप्प बसतो. आता कूलरचं नाव ओघात निघालंच आहे म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो, की हे पत्र कूलरसाठी नाही. वीज तुमच्या येलदरीत तयार होते, कूलर आमच्या घरात मोकळा होता, दोघांची गाठ पडली, ह्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? मी तर विसरूनसुद्धा गेलो होतो. (बाहेर आज इतकं ऊन आहे की कावळा सावलीतून सावलीत उड्या मारत चालला आहे. हे सहज लिहिलं.) पत्र आहे ते चार वाजताच्या फोनसाठी.

चार वाजताचा फोन म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. दुपारचा चहा झाला की आमची धम्मशीला आणि तुमच्या सुकेशनी आक्का ह्या दोघी बहिणी रोज बोलतात. आधी एसटीडीच्या डब्यातून बोलायच्या, मग मोबाईलवरून बोलायला लागल्या, पण खंड कधी पडला नाही. भाजी कोणती केली इथपासून सुरुवात होते आणि गावातलं कोण कुणाशी बोलत नाही इथवर जाते. त्या वेळात तुम्ही तिकडे आणि मी इकडे, दोघंही मोकळे असायचो. तो फोन आता बंद पडला आहे. आक्का करत नाहीत, ही करत नाही, आणि सगळ्याचं खापर माझ्या डोक्यावर आहे. तो फोन पुन्हा सुरू झाला पाहिजे, एवढं एकच माझं मागणं आहे. झालं काय ते पहिल्यापासून सांगतो, म्हणजे दोष कुणाचा (माझा नाही) हे तुमच्या ध्यानात येईल.

तुम्हाला ठाऊक आहे, माझी सगळी नोकरी बसस्टँडवरच्या काचेच्या खोलीत माईकसमोर गेली. गाडी चालवणारे वेगळे, तिकिटं फाडणारे वेगळे. आपलं काम लोकांना धीर द्यायचं. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, गाडी थोड्याच वेळात फलाटावर लागत आहे.’ हे ‘थोड्याच वेळात’ मी उन्हाळ्यात बोललो, पावसाळ्यात बोललो, दाढ सुजलेली असताना एका गालानं बोललो. त्यात मी कधी खोटं बोललो असं मला अजूनही वाटत नाही, कारण गाडी यायची. जुने प्रवासी हे शब्द ऐकले की पिशवी उशाला घेऊन आडवे व्हायचे. थोडा म्हणजे किती, असं विचारणारा माणूस हमखास परगावचा असायचा. एकदा एक कोवळा साहेब खिडकीशी येऊन मनगटावरचं घड्याळ दाखवायला लागला. मी म्हणालो, साहेब, चहा घेतला का? नसेल तर एक चहा, घेतला असेल तर दोन चहा. (त्यानं तीन घेतले, शिवाय भजी. पण गाडी आली.)

रिटायर झाल्यावर नोकरी सुटली, माईक काही सुटेना. कुकर थोड्याच वेळात शिट्टी देत आहे, आंघोळीचं पाणी थोड्याच वेळात न्हाणीत लागत आहे, धम्मशीलाबाईंनी कृपया लक्ष द्यावे, असं सकाळपासून माझ्या तोंडून आपोआप निघायचं. कणीक सैल झाली, दूध वर आलं, फोडणी करपायला आली, ह्याही सूचना मी वेळोवेळी देत होतो. घरातल्या माणसाच्या उपयोगी पडावं एवढाच हेतू. पण एके दिवशी तुमच्या मेहुणीनं हातातलं लाटणं खाली ठेवून शांतपणे विचारलं, “घरात काय गाड्या लागायल्यात का? एक तर तुमी दिवसातनं तासभर कुठंतरी जात जा, न्हाईतर मी आक्काकडं जाते अन् येत न्हाई.” तर असा मी इंग्रजीच्या वर्गाला लागलो. विद्येची ओढ वगैरे लोक म्हणतात त्यात काही तथ्य नाही.

हा वर्ग आपल्या विहाराच्या सभागृहात संध्याकाळी भरतो. ज्येष्ठांसाठी आहे आणि फुकट आहे, त्यामुळे गर्दी कमी. शिकवणारी मुलगी वैष्णवी, पोखर्णीची, शेतकऱ्याच्या घरातली, इंग्रजीत एम. ए. केलेलं आणि आवाज अगदी मास्तरणीचा. स्कूटीवरून येते. वर्गाची वेळ झाली की ग्रुपवर तिचा आवाज येतो, ‘ऑन द वे आहे, पोहोचतेच,’ आणि मागं पोखर्णीच्याच नरसिंहाच्या देवळातली घंटा स्वच्छ ऐकू येते. माझ्या लगेच लक्षात आलं की ही आपल्याच खात्यात शोभली असती. वर्गात माझ्या बाकावर महारुद्रराव, निवृत्त भूमापक. साऱ्या तालुक्याच्या जमिनी मोजल्या, पण घरी त्यांना अजून बसायची जागा ठरवून मिळालेली नाही, म्हणून येतात. पुढच्या बाकावर सरजाबाई, निवृत्त अंगणवाडी सेविका. लेकी-सुना इंग्रजीत काय बोलतात ते कळावं म्हणून येतात. सरजाबाईंचं माहेर येलदरी. तेही तुमच्याच गल्लीतलं, हे मला त्या वेळी ठाऊक असतं तर मी लाकूडकामाच्या वर्गाला गेलो असतो.

पहिल्या काही दिवसांतच वैष्णवीनं फळ्यावर दोन आडव्या रेघा मारल्या. वरची रेघ वेगाची, तिच्या एका टोकाला गोगलगाय आणि दुसऱ्या टोकाला विमान. खालची रेघ टिकाऊपणाची, तिच्या एका टोकाला काडीपेटीतली पेटलेली काडी आणि दुसऱ्या टोकाला डोंगर. मग रेघांवर तिनं शब्द वाळत घातले. वर स्लगिश, स्लो, स्टेडी, ब्रिस्क, रॅपिड, स्विफ्ट. खाली मोमेंटरी, ब्रीफ, टेम्पररी, लेंग्थी, परमनंट, एव्हरलास्टिंग. प्रत्येक शब्दाची जागा ठरलेली, इकडचा तिकडे करायचा नाही. मी घरी येऊन आईला हे सगळं सांगितलं. आई (तिची प्रकृती ठणठणीत आहे, तुम्हाला आशीर्वाद कळवले आहेत) लिंबाखाली बसून चिंचा फोडत होती. ती म्हणाली, “घाईला येवढे शबुद कशाला लागायलेत त्या लोकान्ला? आमच्या सासऱ्याच्या टायमाला येकच व्हता, फौरन. फौरन म्हणलं की मानूस पायात चप्पल न घालता पळायचा. अन् आता बघ, तू सा शबुद शिकून आलास अन् अजून पाय धुतले न्हाईस.” मी पाय धुतले. स्टेडी वेगानं धुतले.

वर्गाचा नियम असा, की प्रत्येक शब्दाला आपल्या घरातलं काहीतरी लावून दाखवायचं. पुस्तकातलं वाक्य आणलेलं चालणार नाही, ससा आणि कासव तर मुळीच नाही. सगळ्या भानगडीचं मूळ हा नियम आहे, मी नव्हे. वेगाचा गृहपाठ बरा पार पडला. रॅपिड म्हणजे आमच्या हिचं बोलणं. ब्रिस्क म्हणजे शेजारी भांडण लागल्यावर दाराकडे जाणारी आई, एरवी तिचे गुडघे दुखतात. स्लगिशपुढं काय लिहावं हे सुचेना म्हणून हिला विचारलं, तर तिनं एका दमात माझं पूर्ण नाव सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात टिकाऊपणाचा गृहपाठ आला. मोमेंटरी म्हणजे उन्हाळ्यात येणारी वाऱ्याची झुळूक. लेंग्थी म्हणजे माझ्या निरोप समारंभातली भाषणं. (गळ्यातला हार वाळून खडखडीत झाला तरी तिसरे वक्ते माझ्या बालपणातच होते.) एव्हरलास्टिंग म्हणजे हिच्या माहेरचं पितळी पातेलं. राहता राहिलं टेम्पररी. टेम्पररी असं घरात काही सापडेना. आमच्या घरात एकदा आलेली वस्तू जात नाही, दोरीचा तुकडासुद्धा. विचार करत घरभर डोळे फिरवले आणि ते खिडकीखालच्या कोपऱ्यात जाऊन थांबले. तिथं फरशीवर चार पायांचे चार पांढरे ठसे आहेत. मी आनंदानं लिहिलं, की माझ्या साडूनं माझा कूलर टेम्पररी नेला आहे.

साडूभाऊ, ह्या वाक्यात मी तुमची निंदा केली असेल तर माझी जीभ झडो. मी तुमच्याविषयी चांगलंच लिहिलं होतं. पण वैष्णवीनं वही हातात घेऊन वर्गासमोर विचारलं, काका, कधी नेला? मी म्हणालो, आमच्या निकिताची बारावी होती, पोरीला उकाड्यात अभ्यास होईना, म्हणून परीक्षेपुरता. मग आता ताई काय करते? मी म्हणालो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गात कुणीतरी खोकलं. वैष्णवी म्हणाली, मग हे टेम्पररी कसं होईल? तुम्हाला सांगतो, त्या वेळी मी एकटा तुमच्या बाजूनं उभा राहिलो. मी म्हणालो, मॅडम, आपल्याकडे वस्तू नेताना ‘दोन दिवसांसाठी’ असं म्हणायची रीत आहे. ते दोन दिवस मोजायचे नसतात. देणाऱ्याला वाटतं येईल, नेणाऱ्याला वाटतं मागणार नाहीत, आणि दोघांनाही झोप लागते. महारुद्ररावांनी दुजोरा दिला. त्यांच्या अंगणात कुणाचातरी तांब्याचा बंब आहे, आणि ज्याचा आहे तो माणूस दर दिवाळीला येऊन त्याच्याकडे पाहून चहा पिऊन जातो. सरजाबाई तर उठून उभ्याच राहिल्या. “वस्तू मागायची नसती, मॅडम,” त्या म्हणाल्या. “तिची तब्येत इचारायची असती. कूलर बरा चालायलाय का, येवढं इचारलं की समोरच्यानं समजून घ्यावं. नसंल घ्यायचं तर नसू दे, पुन्हा सा महिन्यांनी इचारावं.” (मी पत्राच्या सुरुवातीला कूलरची तब्येत विचारली आहे, ती निव्वळ काळजीपोटी. तिचा ह्याच्याशी संबंध लावू नये.)

वैष्णवीला हे पटलं नाही असं नाही, तिच्या स्वतःच्या घरचं पेरणीचं यंत्र कुणाकडे आहे हे तिनं मान खाली घालून सांगितलं. पण ती म्हणाली, काका, माझ्याकडे रेघ एकच आहे. त्या रेघेवर हा कूलर ठेवायचा तर कुठं ठेवू? सगळा वर्ग फळ्याकडे पाहायला लागला. महारुद्ररावांनी सवयीनं अंतर मोजलं आणि हद्द ठरवून दिली. मग वैष्णवीनं वहीतलं माझं वाक्य खोडून नमुन्याचं वाक्य म्हणून फळ्यावर ठळक अक्षरात लिहिलं, ‘माय ब्रदर-इन-लॉ हॅज टेकन माय कूलर परमनंटली.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरातलं काहीतरी इंग्रजीत फळ्यावर लिहिलेलं मी पाहत होतो, टाळी आपोआप वाजली. महारुद्ररावांनी फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. फोटोत फळ्याशेजारी मी उभा आहे आणि हसतो आहे.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सरजाबाईंनी तो फोटो कौतुकानं आक्कांना पाठवला, की बघ गं, तुझा मेहुणा ह्या वयात इंग्रजी शिकायलाय. आक्कांनी तो निकिताला दाखवला. पोरगी हुशार, तिनं मराठी केलं, आणि अगदी अचूक केलं. थोडं चुकली असती तर आज मी हे पत्र लिहीत बसलो नसतो. चार वाजता फोन वाजला. त्या दिवशी आक्का भाजीबद्दल काही बोलल्या नाहीत. हिनं फोन स्पीकरवर टाकून माझ्यापुढं धरला. “धम्मे,” आक्का म्हणाल्या, “तुझ्या नवऱ्याला म्हणावं, कूलर वट्ट्यावर आणून ठिवलाय, फलाटावर गाडी लागल्यासारखा. घिऊन जा म्हणावं, थोड्याच वेळात न्हाई, फौरन. ज्या लेकरासाठी नेला ते लेकरू तुमचं कुणीच न्हाई का?” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. निकिताच्या नावावर हिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण मी तोंड फिरवलं.

तेव्हापासून हे घर म्हणजे शेवटची गाडी गेल्यानंतरचं स्टँड झालं आहे. चार वाजले की ही फोन मांडीवर घेऊन पाच मिनिटं बसते, मग उठून तांदूळ निवडायला घेते. रागावलेली बायको मला नवी नाही, पण ही रागावतसुद्धा नाही. म्हणून मी सुधारायचं ठरवलं. चहा मी करतो, कपही मीच विसळतो. भाजी आणतो आणि किती वाईट आणली हे कुणी सांगत नाही. सूचना देणं मी पूर्ण बंद केलं आहे. परवा डोळ्यांदेखत दूध उतू गेलं, मी शब्द काढला नाही. आमची ती लोखंडी शिडी लावून गच्चीवरची टाकी आतून घासली. (काय भक्कम शिडी आहे! जरा म्हणून हलत नाही. असल्या वस्तू आता बनत नाहीत.) मग त्याच शिडीवर चढून पंखे पुसले, जळमटं काढली, घरात पुसण्यासारखं काही उरलं नाही. टाकी पाहून एरवी ही काहीतरी बोलली असती.

एक गोष्ट मनापासून सांगतो, ती हसण्यावारी नेऊ नका. पूर्वी तुम्ही महिन्यातून एकदा तरी जिंतूरला गाडी बदलून यायचात. हातात धरणातल्या माशांची पिशवी, वरून ओलं फडकं गुंडाळलेलं. लिंबाखाली खाट टाकून आपण दोघं पडायचो आणि आपापल्या सासरच्या माणसांची निंदा करायचो. सासर एकच असल्यामुळे किती सोयीचं होतं! कूलर नेल्यापासून तुमचं येणं कमी झालं आणि मग बंदच झालं. मला आता वाटतं, की रंगनाथच्या घरी गेलो तर तो त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघेल, म्हणून तुम्ही येत नाही. आणि आपण येलदरीला गेलो तर आपले डोळे कूलरकडे जातील आणि सिद्धोधनराव ते बघतील, म्हणून मी येत नाही. मला तुमची फार आठवण येते. वर्गात महारुद्रराव आहेत, चांगले आहेत, पण त्यांचं सासर वेगळं आहे.

तर आक्कांना एवढंच सांगा, की रंगनाथनं वाक्य मागं घेतलं आहे. मी वर्गात तशी रीतसर मागणी केली. वैष्णवीनं फळा कधीच पुसला होता, तरी माझ्या समाधानासाठी कोरा फळा पुन्हा एकदा पुसून दाखवला. आक्कांनी एकदा चार वाजता फोन करावा. उचलला गेला नाही तर सव्वाचारला करावा. लहान बहिणीनं आधी करावा की मोठीनं, हा प्रश्न मी आईला विचारला, तर ती म्हणाली, जिला आधी रडू येईल तिनं करावा. मी त्यात पडत नाही.

आईचे तुम्हा सर्वांना आशीर्वाद, निकिताला माझ्याकडून गोड पापा (ती इंजिनिअर होत असली तरी). लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढवायची घाई नाही.

आपला,
सध्यापुरता गुन्हेगार, पण मुळात सज्जन,
रंगनाथ

ता. क. हे पत्र कूलरसाठी नाही, हे वर लिहिलंच आहे. तथापि येत्या रविवारी तुम्ही येणारच असाल, आणि येताना एखादा रिकामा टेम्पो सापडलाच, आणि टेम्पोत एका कूलरपुरती जागा शिल्लक असलीच, तर मी आडवा येणार नाही.

ता. क. २. आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, ही आपल्या थोरामोठ्यांची शिकवण. कूलरची पाण्याची टाकी खोल आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तीत दोन-तीन कटला मासे सहज मावतील. टाकी आधी धुवून घ्यावी.

ता. क. ३. घरात डिंक सापडत नाही आणि ह्या उन्हात मला पोस्टापर्यंत जाववत नाही, तेव्हा पाकीट चिकटवून टाकायला धम्मशीलाकडेच देतो आहे. ती वाचेल अशी भीती मनात आणू नका. तिला माझं अक्षर लागत नाही.

—

आक्का,

पाकिटावर दाजींचं नाव असलं तरी उघडणार तूच, म्हणून तुलाच लिहिते. ह्यांचं अक्षर मला लग्नाआधीपासून लागतंय, त्यांनी पाठवलेली पत्रं काय दुसऱ्या कुणी वाचली होती का?

आपलं बोलणं भांडणाच्या चौथ्या दिवशीच सुरू झालं, हे त्यांना अजून कळलेलं नाही. चार वाजता मी मुद्दाम समोर बसते, अन् साडेपाचला ते इंग्रजीला गेले की गच्चीवर येऊन तुला फोन लावते. तू परवा म्हणालीस तेच खरं, इतक्यात काही सांगायला नको. चहा आयता मिळतोय, सूचना बंद आहेत, टाकी इतकी स्वच्छ झालीय की त्यात तोंड दिसतंय. असा नवरा मला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळालाय. हे किती टिकेल म्हणून मी वैष्णवीला विचारलं, ती म्हणाली की काकू, ह्याला ब्रीफ म्हणतात, तेव्हा आहे तोवर पंखे पुसून घ्या. तिकडं दाजीपण अपराध्यासारखे तुझी पाठ शेकून देतात, ते का बंद पाडायचं?

पण ते खाटेचं अन् माशांचं वाचून माझं मन जरा खाली आलं, खरं सांगते. चार वाजता ते पण फोनकडंच बघत असतात गं, मला वाटायचं माझ्याकडं बघतात.

अन् ‘आमची ती लोखंडी शिडी’ वाचून जोरात हसू नको, दाजी ऐकतील. निकिताच्या नामकरणाला आलो होतो तेव्हा चुना मारायला दोन दिवसांसाठी उचलून आणलेली तुमची शिडी ती. ज्या लेकराच्या पाळण्याखालून शिडी आणली, त्याच्याच परीक्षेला कूलर गेला, अन् हिशेब मांडतात टेम्पररीचा! दाजींनी एवढ्या वर्षांत एकदा तरी नाव काढलं का? नुसतं विचारतात, शिडी बरी आहे ना. ह्यांना वाटतं, चौकशी करायलेत.

लिंबाखाली चिंचा फोडत बसलेल्या आत्याबाईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, कूलर तिकडंच राहू दे, शिडी इकडंच राहू दे, दोन्ही वस्तू आपापल्या घरी गेल्या की ह्या दोन गड्यांना एकमेकांकडं जायला निमित्त उरायचं नाही. तेव्हा कूलर वट्ट्यावरून आत घे, धुळीनं खराब होईल. रविवारी दाजींना नुसते मासे देऊन पाठव.

ह्यांचं पत्र दाजींना रविवारपर्यंत दाखवू नको. परभणीहून काही टपाल आलं का म्हणून विचारलंच, तर सांग की थोड्याच वेळात येत आहे.

तुझी,
धम्मी